धावत्या हृदयाचे चित्र : किती टिपलेले, किती जुळवलेले?

माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत मानवी हृदयाचा एक तक्ता हमखास असतो. चार कप्पे, अर्धे लाल, अर्धे निळे, बाण वरून खाली आणि खालून वर. अलीकडे या तक्त्याच्या जोडीला एक नवे साधन आले आहे. शिक्षक आपल्या मोबाइलवर किंवा शाळेच्या पडद्यावर एम. आर. आय. यंत्राने घेतलेली हृदयाची चित्रफीत दाखवतात. करड्या रंगाच्या पार्श्वभूमीवर हृदय आकुंचन पावते, प्रसरण पावते, आतले रक्त पांढरे चमकते. मुले स्तब्ध होतात. शिक्षक सांगतात, "पाहा, हे जिवंत माणसाचे हृदय, प्रत्यक्ष धडधडताना!"

या वाक्यातले 'जिवंत माणसाचे' हे शब्द खरे आहेत. 'प्रत्यक्ष धडधडताना' या शब्दांना मात्र आमची हरकत आहे. तक्ता आणि चित्रफीत या दोहोंची येथे तपासणी करावी, असा आमचा विचार आहे. तक्त्याचे दोष जुने आणि ढोबळ आहेत. चित्रफितीचे दोष सूक्ष्म आहेत, आणि ती खरीखुरी दिसत असल्यामुळेच ते अधिक फसवे आहेत. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, शाळांना या प्रश्नाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी येईल, आणि ते केवळ पुस्तकी नाही.

तक्त्याचे तीन दोष

पहिला दोष रंगाचा. ऑक्सिजन कमी असलेले रक्त निळे नसते, ते गडद लाल असते. निळा रंग ही चित्रकाराची सोय आहे. पण तसे सांगितले नाही तर अनेक मुले शरीरात निळे रक्त वाहते असे धरून चालतात. गंमत अशी की या दोन रक्तांत रंगापलीकडचा एक खरा भेद आहे. ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढले जाते, ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन तसे ओढले जात नाही. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉर्येल यांनी १९३६ मध्ये हे दाखवून दिले. तक्त्यावर शाईने दाखवलेला फरक खोटा आणि डोळ्यांना न दिसणारा हा फरक खरा, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

दुसरा दोष रिकामे होण्याचा. बाणांवरून असे वाटते की प्रत्येक ठोक्याला निलय पूर्ण रिकामे होते. प्रत्यक्षात डाव्या निलयात (जुन्या पुस्तकांतली डावी जवनिका) प्रौढ माणसात साधारण १२० मिलिलिटर रक्त भरते आणि त्यातले सुमारे ७० मिलिलिटर बाहेर पडते. म्हणजे सुमारे ५८ टक्के. उरलेले आतच राहते, आणि ते तसे राहणे हे निरोगी हृदयाचे लक्षण आहे.

तिसरा दोष सर्वांत मोठा. तक्त्यात हृदय मुठीसारखे आवळते आणि रक्त नळातल्या पाण्यासारखे सरळ जाते. खरे हृदय पिळते. धुतलेले धोतर पिळताना दोन्ही टोके जशी उलट दिशांना फिरवतात, तसा हृदयाचा तळ आणि त्याचे टोक ही एकमेकांच्या विरुद्ध दिशेने वळतात. टोक जवळजवळ जागेवर राहते आणि झडपांची पातळी त्याच्याकडे खाली सरकते. आत शिरणारे रक्त सरळ न जाता वळसा घेते, भोवरे करते.

हा तिसरा दोष दाखवून देण्यात चुंबकीय अनुस्पंदनाच्या तंत्राचा मोठा वाटा आहे. १९८८ मध्ये झेरहूनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या स्नायूवर चुंबकीय रेघा 'आखून' ठोक्याबरोबर त्या कशा वाकतात ते पाहिले. ही आखणी शाईने केलेली नसते. स्नायूच्या काही पट्ट्यांतले प्रोटॉन क्षणभर गप्प केले की त्या पट्ट्या चित्रात काळ्या दिसतात आणि स्नायूबरोबर सरकतात. छाती न उघडता स्नायूची पिळण अशी मोजता आली. तेव्हा चित्रफितीवर टीका करताना तिचे ऋण आधी मान्य केले पाहिजे.

यंत्र मंद का?

आपल्या शरीरात पाणी आणि चरबी विपुल, म्हणून हायड्रोजनही विपुल. हायड्रोजनचे केंद्रक म्हणजे एक प्रोटॉन, आणि तो एखाद्या सूक्ष्म चुंबकासारखा वागतो. १.५ टेस्लाच्या चुंबकात माणूस ठेवला, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक तीव्र क्षेत्रात ठेवला, तरी क्षेत्राच्या दिशेने असलेल्या प्रोटॉनांचे आधिक्य दहा लाखांत जेमतेम पाच इतकेच असते. हे पाच प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लक्ष आवर्तने करतात. त्याच वारंवारतेची रेडिओलहर दिली की ते ढळतात, आणि पूर्वस्थितीला येताना स्वतः क्षीण रेडिओलहर देतात. ती लहर म्हणजेच आपला संदेश.

पण संदेश आला कोठून? हे कळण्यासाठी मुख्य क्षेत्रावर आणखी एक लहान क्षेत्र चढवतात. ते एका बाजूला थोडे कमी आणि दुसऱ्या बाजूला थोडे जास्त असते. त्यामुळे जागेप्रमाणे वारंवारता बदलते. पॉल लाउटरबर यांनी १९७३ मध्ये या युक्तीने पाण्याच्या दोन नळ्यांचे चित्र मिळवले. त्यांना आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मंदपणाचे मूळ येथेच आहे. यंत्र एका रेडिओ-ठोक्याला साधारणपणे मोजमापाची एकच ओळ भरते. आणि ही ओळ म्हणजे चित्राची ओळ नव्हे. ती चित्रात दडलेल्या तरंगांची नोंद असते. काही ओळी ठळक उजेड-अंधार सांगतात, काही बारीक कडा सांगतात. सर्व ओळी जमल्यावर फूरिए यांच्या गणिताने त्यांचे चित्र होते.

याच जातीचे गणित आपल्या शेजारी रोज चालते. नगर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळ महाकाय मीटर तरंगलांबीची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांपैकी कोणत्याही दोहोंची जोडी आकाशाच्या चित्राचा एक तरंग मोजते. पृथ्वी फिरते तशी जोडी नवे तरंग मोजते, आणि तासांनंतर चित्र पुरे होते. खगोलशास्त्रज्ञाला तास चालतात, कारण दूरची दीर्घिका त्या वेळात हलत नाही. हृदय मात्र हलते. १२८ ओळींच्या चित्राला प्रत्येक ठोक्यात एक ओळ घेतली, तर मिनिटाला ७२ ठोक्यांच्या हिशोबाने पावणेदोन मिनिटे लागतात. एवढ्या वेळात माणूस पंचवीस-तीस वेळा श्वास घेतो, आणि प्रत्येक श्वासाबरोबर हृदय वरखाली सरकते.

लेझीम आणि चित्रकार

यावर काढलेला तोडगा हुशारीचा आहे, आणि आमच्या टीकेचा मुख्य विषयही तोच आहे.

शाळेच्या मैदानावर लेझीम चालू आहे, अशी कल्पना करा. मुलांच्या सोळा रांगा आहेत. हलगीच्या तालावर सर्वजण वाकतात, उठतात, वळतात. एक चित्रकार आहे, पण त्याचा हात सावकाश चालतो. एका तालात तो एकाच रांगेच्या सर्व अवस्था रेखाटू शकतो. म्हणून तो पहिल्या तालात पहिली रांग काढतो, दुसऱ्या तालात दुसरी, असे सोळा ताल. शेवटी प्रत्येक रांगेची 'वाकलेली' अवस्था तो एका कागदावर जोडतो, 'उठलेली' दुसऱ्यावर, 'वळलेली' तिसऱ्यावर. कागद भराभर उलटले की सगळे पथक एका तालात लेझीम खेळताना दिसते. हा ताल प्रत्यक्षात कधीच झाला नाही. तो सोळा तालांतून बेतलेला आहे.

रुग्णालयांत नेहमी घेतल्या जाणाऱ्या हृदयाच्या चित्रफितीही याच पद्धतीने तयार होतात. छातीवरच्या विद्युत्-हृल्लेखाच्या तारा हलगीचे काम करतात. प्रत्येक ठोक्याची सुरुवात त्या यंत्राला कळवतात. एका ठोक्यात प्रत्येक अवस्थेच्या आठ ओळी घेतल्या, तर १२८ ओळींना १६ ठोके लागतात. ठोका ०.८ सेकंदाचा धरला तर एकूण १२.८ सेकंद. तेवढा वेळ रोग्याने श्वास रोखायचा. एका ओळीला ४ मिलिसेकंद लागत असतील तर आठ ओळींना ३२ मिलिसेकंद, म्हणजे एका ठोक्याच्या २५ चौकटी मिळतात. चित्र स्वच्छ येते आणि मोजमापेही विश्वसनीय मिळतात.

पण एका अटीवर. सर्व ठोके सारखे असले पाहिजेत. हलगीवाला मध्येच चुकला तर चित्रकाराच्या कागदावर तिसरी रांग वाकलेली आणि चौथी अर्धी उठलेली दिसेल. हृदयाच्या चित्रात ही चूक रांगेपुरती मर्यादित राहत नाही. ओळ म्हणजे तरंग असल्याने एक ओळ बिघडली तर डाग साऱ्या चित्रावर पसरतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की या चित्रफितीला 'प्रत्यक्ष' म्हणणे चूक आहे. तिला 'सरासरी ठोका' म्हणावे. सरासरी खोटी नसते. वर्गाच्या सरासरी उंचीचा एकही मुलगा वर्गात नसेल, तरी सरासरी उपयोगीच असते. पण त्या सरासरीला आपण मुलगा म्हणत नाही.

वेगाची किंमत

मग खरोखर एका ठोक्यात चित्र घेता येत नाही का? येते. मॅन्सफील्ड यांनी १९७७ मध्येच त्याची कल्पना मांडली. एकदा प्रोटॉन ढळले की त्यांचा संदेश विझण्यापूर्वी लहान चुंबकीय क्षेत्र झपाट्याने उलटसुलट करायचे आणि सर्व ओळी एकाच दमात भरायच्या. कल्पना सोपी होती, पण एवढ्या झपाट्याने प्रवाह उलटवणारी वेटोळी बनवणे अवघड होते. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नॉटिंगहॅमच्या गटाने लहान जिवांची अशी चित्रे घेतली. पूर्ण वाढलेल्या माणसाच्या हृदयाची क्षणचित्रे रझेडझियान आणि पायकेट यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. एका चित्राला लागणारा वेळ सेकंदाच्या शतांशांत मोजण्याइतका खाली आला होता.

वेग वाढवण्याचे दुसरे मार्ग पुढे आले. जर्मनीतल्या ग्योटिंगेन येथे १९८५च्या सुमारास प्रोटॉनांना थोडेसेच ढळवून लगेच पुढची ओळ घेण्याची पद्धत निघाली. १९९७ आणि १९९९ मध्ये छातीभोवती अनेक ग्राहक वेटोळी ठेवून ओळींची संख्या कमी करण्याच्या दोन पद्धती आल्या. २००७ मध्ये आणखी एक विचार पुढे आला. चित्र मुळात साधे असेल तर ते थोड्या मोजमापांवरूनही परत उभारता येते, असा तो विचार. ग्योटिंगेनच्याच येन्स फ्राम यांच्या गटाने २०१० मध्ये २० मिलिसेकंदांना एक या गतीने हृदयाची चित्रे घेतली. म्हणजे सेकंदाला पन्नास. येथे हलगीची गरज नाही आणि श्वास रोखण्याचीही नाही.

येथवरची हकीकत आमच्यासारखे विज्ञानलेखक विक्रमांच्या यादीसारखी सांगतात. त्यात आमची मोठी चूक होते, ती अशी की किंमत सांगायची राहते. निसर्गात फुकट काही मिळत नाही. मॅन्सफील्ड पद्धतीच्या चित्रात फुप्फुसातली हवा आणि हृदयाचा स्नायू यांच्या सीमेवर आकार वेडावाकडा होतो. वेटोळ्यांतला प्रवाह फार झपाट्याने बदलला तर रोग्याच्या नसा चेतवल्या जाऊन स्नायू फडफडतात, म्हणून वेगाला शरीरानेच मर्यादा घातली आहे. आणि कमी मोजमापांवरून चित्र उभारताना न मोजलेला भाग गणिताने भरावा लागतो. हे गणित बहुधा असे गृहीत धरते की आताची चौकट मागच्या चौकटीपेक्षा फार वेगळी नसावी. गृहीत बहुधा बरोबर ठरते. पण ज्या रोग्याच्या हृदयात अचानक काही वेगळे घडते, तोच रोगी तपासणीला आलेला असतो, हे विसरता कामा नये. हल्ली हा भरणा संगणकाला हजारो जुनी चित्रे शिकवून करतात. तेथे तर प्रश्न अधिकच टोकदार होतो. दिसणारी रेघ या रोग्याची, की पूर्वीच्या हजारांची?

पाटाचे पाणी आणि महाधमनीचे रक्त

रक्ताचा प्रवाह मोजण्याची कथा मात्र आम्हांला निर्विवाद सुंदर वाटते, आणि नगर जिल्ह्यातल्या मुलांना ती इतरांपेक्षा लवकर कळेल. १९२६ साली पुरे झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून वाहते. आवर्तन, चारी, क्युसेक हे शब्द येथल्या मुलांना घरातच ऐकू येतात.

चारीतला विसर्ग कसा काढतात? छेदाचे क्षेत्रफळ गुणिले वेग. चारी १.२ मीटर रुंद, पाणी ०.५ मीटर खोल, तर क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर. काडी १० मीटर अंतर २० सेकंदांत गेली तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.५ मीटर. तळाशी आणि काठाशी पाणी मंद असते, म्हणून सरासरी वेग त्याच्या ०.८५ पट धरू. विसर्ग झाला सेकंदाला सुमारे २५५ लिटर, म्हणजे ९ क्युसेक.

महाधमनीचेही तसेच. व्यास २.५ सेंटिमीटर धरला तर छेद सुमारे ४.९ चौरस सेंटिमीटर. हृदय मिनिटाला ५ लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मिलिलिटर रक्त पाठवते. भागाकार केला की सरासरी वेग सेकंदाला १७ सेंटिमीटर येतो. ठोक्याच्या शिखरावर तो सेकंदाला १ मीटरच्या आसपास जातो. दिवसाचा हिशोब ७२०० लिटर. आपली लहानशी चारी तेवढे पाणी अर्ध्या मिनिटाच्या आत वाहून नेते. आकडा ऐकून हृदयाला कमी लेखू नये. चारी उतारावर वाहते, हृदय चढावर चालवते, आणि तेही वर्षानुवर्षे.

रक्तात काडी कशी टाकायची? एर्विन हान यांनी १९६० मध्ये समुद्राच्या पाण्याची गती प्रोटॉनांच्या आवर्तनावरून ओळखण्याची कल्पना मांडली होती. त्याच्या आदल्याच वर्षी जे. आर. सिंगर यांनी अणुकेंद्रकीय अनुस्पंदनाने उंदरांच्या शेपटीतला रक्तप्रवाह मोजला होता. आजची पद्धत हान यांच्या विचाराचीच पुढची पायरी आहे. लहान क्षेत्र क्षणभर एका दिशेने लावायचे, लगेच तेवढाच वेळ उलट लावायचे. जो प्रोटॉन जागेवर आहे त्याच्या आवर्तनाची कला जितकी पुढे गेली तितकीच मागे येते, हिशोब शून्य. जो मधल्या वेळात सरकला त्याचा हिशोब जुळत नाही. जितका वेग, तितका कलेतला फरक. महाधमनीच्या छेदात २ मिलिमीटरच्या चौकोनांची जाळी धरली तर सुमारे १२० चौकोन बसतात. प्रत्येकातला वेग काढून बेरीज केली की विसर्ग मिळतो. पाटबंधाऱ्याचा कर्मचारी कालव्याच्या रुंदीचे भाग पाडून प्रत्येक भागात वेग मोजतो, तीच ही रीत.

येथेही एक सापळा आहे. कला वर्तुळावर मोजली जाते, आणि अर्ध्या वर्तुळापलीकडे पुढे की मागे ते कळत नाही. कमाल वेग सेकंदाला १५० सेंटिमीटर असा लावून यंत्र चालवले आणि रक्त १८० ने धावले, तर कला १८० अंशांऐवजी २१६ अंश होते. यंत्राला ती उणे १४४ अंश वाटते, आणि ते १२० सेंटिमीटर वेगाने उलटा प्रवाह दाखवते. चित्रपटात टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते, तोच हा प्रकार. अरुंद झालेल्या झडपेतून जोराने पुढे जाणारे रक्त अशा रीतीने मागे येताना दिसू शकते. वाचणारा तज्ज्ञ हे ओळखतो. सुंदर रंगीत प्रवाहचित्र पाहून भारावलेला शिक्षक किंवा पत्रकार ओळखत नाही.

या तंत्राने तिन्ही दिशांतला वेग मोजून फिलिप किल्नर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये हृदयातल्या रक्ताचे वळसे दाखवले. कप्प्यांची रचना अशी आहे की आत आलेल्या रक्ताचा संवेग वाया न जाता बाहेर जाण्याच्या दिशेला वळतो, असा त्यांचा निष्कर्ष. महाधमनीच्या मुखाशी असलेल्या फुगवट्यांत भोवरे होत असावेत आणि झडप मिटायला ते मदत करत असावेत, असा तर्क लिओनार्दो दा विंचीने १५१३ च्या सुमारास चित्रे काढून केला होता. विल्यम हार्वेने १६२८ च्या ग्रंथात कबूल केले आहे की हृदयाची गती इतकी जलद आहे की ती परमेश्वरालाच कळावी असे त्याला आधी वाटले. त्याने उपाय काय केला? थंड रक्ताच्या प्राण्यांची आणि मरणासन्न प्राण्यांची मंद झालेली हृदये पाहिली. आपले यंत्र अनेक ठोके जुळवते, हार्वेने मंद ठोके शोधले. दोघांची अडचण एकच. फरक एवढाच की हार्वेने आपली युक्ती वाचकाला सांगितली.

हे कोणासाठी?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ग्रामीण भागात हृदयाच्या झडपा बिघडण्याचे एक जुने कारण म्हणजे संधिवाती ज्वर. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एका विशिष्ट जिवाणूने दुखतो, काही आठवड्यांनी सांधे सुजतात, आणि त्यातून पुढे झडपेवर कायमचे व्रण राहतात. डावे अलिंद ताणत जाते आणि अशा अनेक रोग्यांत पुढे हृदयाचा ठोका अनियमित होतो. त्यांना धाप लागते.

आता लेझीम आठवा. नेहमीची चित्रफीत दोन गोष्टी मागते : सारखे ठोके आणि तेरा सेकंद रोखलेला श्वास. आपला रोगी या दोन्ही देऊ शकत नाही. ज्याची झडप किती गळते हे मोजायचे, त्याचेच चित्र बिघडते. पुढे गेलेले रक्त ९० मिलिलिटर आणि मागे आलेले ३० मिलिलिटर असेल तर गळती एक तृतीयांश. हा एक आकडा शस्त्रक्रियेच्या निर्णयात वजन टाकतो. म्हणून जलद प्रतिमांकन ही श्रीमंत देशांची चैन आहे, असे आम्हांला वाटत नाही. त्याची खरी गरज अनियमित ठोक्याच्या आणि धापा टाकणाऱ्या रोग्याला आहे. विक्रमांच्या याद्यांतून नेमका हाच रोगी हरवतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अशा रोग्याला बहुतेक वेळा आधी स्वनातीत लहरींची तपासणी पुरते. एडलर आणि हेर्ट्झ यांनी १९५३ मध्ये स्वीडनमध्ये सुरू केलेली ही पद्धत खऱ्या अर्थाने चालू ठोका दाखवते, स्वस्त आहे आणि खेड्यापर्यंत नेता येते. त्याच्याही आधी स्टेथोस्कोप आहे. आणि त्याच्याही आधी, वेळेवर दिलेले पेनिसिलिन आहे. याच जिल्ह्यात जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून गावातल्या स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रोग शहरातल्या यंत्रापर्यंत पोचण्याआधी गावात अडवता येतो, हा त्या कामाचा धडा आहे. घसादुखीनंतर सांधे सुजलेला मुलगा पहिल्यांदा कोणाच्या नजरेस पडतो? पुष्कळदा वर्गशिक्षकाच्या. त्याला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवणारा शिक्षक कोणत्याही चुंबकापेक्षा जास्त काम करतो.

आणखी एक शब्द खटकतो : 'संपूर्ण निरुपद्रवी'. क्ष-किरण नाहीत हे खरे. पण अतिसंवाहक चुंबक रात्रंदिवस चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन खोलीत गेलेला एक तरुण चुंबकाकडे खेचला जाऊन प्राणाला मुकला. त्या खोलीत लोखंड नेऊ नये, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावे.

वर्गात काय करावे?

तक्ता काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या खाली एक ओळ लिहा : 'निळा रंग सोयीसाठी.' चारीवर शिक्षकांच्या देखरेखीखाली, उथळ पाण्यात, काडीने विसर्ग काढा आणि तो नाडीच्या ठोक्यांवरून काढलेल्या रक्ताच्या विसर्गाशी ताडून पाहा. मैदानावर लेझीमच्या रांगांची मोबाइलने एकेक करून छायाचित्रे घ्या आणि ती जोडून एक खोटा ताल तयार करा. मग एका रांगेला मुद्दाम ताल चुकवायला सांगून पुन्हा जोडा. जुळवलेले चित्र कोठे टिकते आणि कोठे मोडते, हे मुलांना एका तासात कळेल.

आणि चित्रफीत दाखवण्यापूर्वी तीन प्रश्न फळ्यावर लिहा. हे चित्र किती ठोक्यांतून जुळवले? ते घ्यायला किती वेळ लागला? यात मोजलेले किती आणि गृहीत धरलेले किती? उत्तरे न मिळाली तरी चालेल. मूल एकदा हे प्रश्न विचारायला शिकले की उपग्रहाचे छायाचित्र, हवामानाचा नकाशा आणि निवडणुकीचा अंदाज यांनाही तेच प्रश्न विचारील. उद्या घरातल्या कोणाच्या तपासणीचा अहवाल हातात आला, तर डॉक्टरांना काय विचारायचे हेही त्याला माहीत असेल.